गोदामाचं टोकन आणि झाकलेली खातेवही: तपासायचं कसं

गेल्या दिवाळीनंतर आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक पीडीएफ फिरली. भिवंडी बायपासजवळचं गोदाम, किंमत 40 कोटी, भाडेकरू पक्का, 25 हजारांत एक टोकन, म्हणजे गोदामातल्या हिश्शाची डिजिटल चिठ्ठी. खाली ठळक अक्षरांत: ‘नियमांना धरून चालणारी, संपूर्ण गोपनीय ब्लॉकचेन.’ मी ऐरोलीला रोख्यांच्या सेटलमेंटचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ऑफिसात आहे, हे ठाण्यातल्या आमच्या विंगमध्ये सगळ्यांना माहीत. दोन दिवसांत चौघांनी लिफ्टमध्ये गाठून एकच विचारलं, ‘घेऊ का?’

घ्या किंवा नका घेऊ, हे मी सांगणार नाही. पण असलं काही समोर आलं तर कुठल्या क्रमाने तपासायचं ते सांगतो. त्या चौघांसाठी वहीत उतरवलं होतं, तेच इथे थोडं सविस्तर लिहितोय. एक शनिवार पुरतो. लॅपटॉप लागेल, आणि पहिल्या दोन पायऱ्यांसाठी तर ब्लॉकचेनचं काहीच ज्ञान लागत नाही.

मुळात गोपनीयता हवी कशाला

काही सोसायट्या मेंटेनन्स थकवणाऱ्यांची यादी लॉबीतल्या फलकावर लावतात. नाव लिहीत नाहीत, फक्त फ्लॅट नंबर आणि रक्कम. पण 703 मध्ये कोण राहतं हे वॉचमनलाही ठाऊक असतं. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर मिळून ठेवलेली, खोडता न येणारी खातेवही. बिटकॉइन किंवा इथेरियमसारखी सार्वजनिक ब्लॉकचेन म्हणजे असाच फलक. नावाच्या जागी पत्ता असतो, आणि एकदा का तो पत्ता कुणाचा हे कळलं, की त्याचा मागचा-पुढचा सगळा हिशेब उघडा. घरगुती माणसाला हे नकोसं वाटतं. बँकेला किंवा फंडाला तर परवडतच नाही. मोठा रोखा विकायला काढलाय हे बाजाराला आधी कळलं की भाव त्याआधीच खाली येतो.

दुसरं टोक म्हणजे सगळं कुलपात. मोनेरोसारख्या नाण्यात पाठवणारा, घेणारा आणि रक्कम तिन्ही झाकलेलं असतं. ते नियमांखालच्या बाजारात चालत नाही. युरोपीय संघाच्या नव्या कायद्याने तर 10 जुलै 2027 पासून तिथल्या क्रिप्टो सेवादारांना अशी ओळख लपवणारी नाणी हाताळायला मनाई होणार आहे.

नियमांखालच्या वित्तव्यवहाराला हवी असते ती ऑडिटरची वही: शेजाऱ्याला दिसत नाही, पण ज्याला पाहायचा हक्क आहे त्याच्यापुढे नेमकं तेवढं पान उघडता येतं. ‘गोपनीय’ शब्द वाचला की म्हणून एकच प्रश्न डोक्यात ठेवायचा: कुणापासून लपवलंय, आणि कुणाला, कुणाच्या परवानगीने दिसतं?

पहिली पायरी: टोकन बाजूला, आधी जमिनीचे कागद

1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सांगतो की 100 रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. ब्लॉकचेन कितीही पुढारलेली असो, टोकन इकडून तिकडे गेलं म्हणून गोदामाची मालकी सरकत नाही. दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदला जायलाच हवा.

त्यामुळे बहुतेक वेळा असं करतात: एक कंपनी काढायची, तिच्या नावावर गोदाम घ्यायचं, आणि त्या कंपनीचे शेअर किंवा डिबेंचर (कर्जरोखे) टोकनरूपात वाटायचे. म्हणजे तुमच्या हातात गोदाम नसतं. गोदामवाल्या कंपनीचा कागद असतो. यात वावगं काही नाही, फक्त ते माहीत हवं.

तेव्हा त्या कंपनीचं पूर्ण नाव मागा. गोदामाचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक महाभूमीच्या संकेतस्थळावरून स्वतः काढा. समोरच्याने पाठवलेली प्रत पुरेशी नाही. नोंदणी विभागाच्या ई-सर्चमध्ये सूची क्रमांक 2 (इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सारांश) पाहा आणि खरेदीदार म्हणून त्याच कंपनीचं नाव आहे का ते जुळवा. सातबाऱ्यावरच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेचा बोजा असेल तर बँकेचा हक्क तुमच्या आधी.

मालमत्ता नवी मुंबईतली असेल तर अजून एक गाठ आहे. तिथली बरीचशी जमीन सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेली. महापे, रबाळे, तळोज्याच्या औद्योगिक पट्ट्यात एमआयडीसीचा साधारण 95 वर्षांचा पट्टा. हस्तांतरासाठी त्या महामंडळाची परवानगी आणि शुल्क लागतं. पट्ट्याची किती वर्षं उरली हे ब्रोशरमध्ये क्वचितच असतं. ते विचाराच.

दुसरी पायरी: हे कुठल्या कायद्याच्या खणात बसतं

इथे कॅल्क्युलेटर घ्या, कारण आमच्या पीडीएफचा फुगा इथेच फुटला.

लहान-मध्यम मालमत्तांचे तुकडे विकण्यासाठी बाजार नियामक सेबीने मार्च 2024 मध्ये लघु-मध्यम रीटचे नियम आणले. रीट म्हणजे अनेकांचे पैसे एकत्र करून भाड्याच्या मालमत्ता घेणारा ट्रस्ट. त्यात योजनेची मालमत्ता किमान 50 कोटींची आणि 500 कोटींच्या आतली हवी, किमान 200 गुंतवणूकदार हवेत, आणि एकाची किमान गुंतवणूक 10 लाख रुपये. आमचं गोदाम 40 कोटींचं, टोकन 25 हजारांचं. म्हणजे हा खण नाही.

मग उरतो खासगी कंपनीचा खण. कंपनी कायद्यानुसार एका आर्थिक वर्षात, मोठ्या संस्थागत गुंतवणूकदारांना वगळून, 200 पेक्षा जास्त जणांना रोखे देऊ केले तर ती खासगी विक्री राहत नाही. 40 कोटी भागिले 200 म्हणजे सरासरी माणशी 20 लाख. 25 हजारांचं एक-एक टोकन घेणारे हवे असतील तर 16,000 लोक लागतील. दोन्ही आकडे एका पानावर नांदूच शकत नाहीत. शिवाय खासगी विक्रीची जाहिरात आम जनतेत करायला त्याच कायद्याची मनाई आहे. सोसायटीच्या ग्रुपवर फिरणारी पीडीएफ खासगी कशी, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही.

भाड्याच्या ऑफिसांत थोडे पैसे घालायचे तर त्याला टोकनच लागतं असं नाही. शेअर बाजारात नोंदलेल्या रीटचं एक युनिटही घेता येतं. मी रोज ज्या गर्दीतून चालत जातो ते ऐरोलीचं माइंडस्पेस संकुल अशाच एका रीटमध्ये आहे. घ्या म्हणून सांगत नाही. टोकनवाला काय वेगळं देतोय हे मोजायला पट्टी हवी, म्हणून सांगतो.

गुजरातच्या गिफ्ट सिटीतल्या नियामकाने 2025 मध्ये अशा टोकनीकरणावर चर्चापत्र काढलं. चर्चापत्र म्हणजे परवाना नव्हे. कुणी ते दाखवून ‘सरकारमान्य’ म्हणाला तर तिथेच थांबा.

तिसरी पायरी: वाद झाला तर कुठली वही खरी

सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आठवा. पन्नास-पन्नास रुपयांचे दहा शेअर. तो कागद तुम्ही कुणाच्याही हातात दिलात तरी तो माणूस सभासद होत नाही. कमिटीने हस्तांतर मंजूर करून रजिस्टरमध्ये नोंद केली की होतो. कागद हरवला तर सोसायटी हमीपत्र घेऊन दुसरा देते, कारण खरी नोंद रजिस्टरात असते.

नियमांखालचं टोकन थेट असंच चालायला हवं. ईआरसी-3643 नावाचं प्रमाण याच कामासाठी आहे: टोकन हलण्याआधी घेणाऱ्याची ओळख मान्य यादीत आहे का ते कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर आपोआप चालणारा प्रोग्रॅम) तपासतं, नसेल तर व्यवहार होतच नाही. किल्ली, म्हणजे टोकन हलवायचा गुप्त संकेतांक, हरवली तर नव्या पत्त्यावर टोकन परत देण्याची सोयही त्यात आहे.

आता प्रश्न रजिस्टरचा. लहान कंपन्या वगळता खासगी कंपन्यांनाही आपल्याकडे आता रोखे डिमॅटमध्येच द्यावे लागतात. मग डिपॉझिटरीत (डिमॅटची नोंद ठेवणाऱ्या संस्थेत) एक नोंद आणि ब्लॉकचेनवर दुसरी, असं होतं. दोन्ही जुळल्या नाहीत तर कोणती खरी? भागधारक करारात हे कलम शोधा. ‘ब्लॉकचेनवरची नोंद केवळ माहितीसाठी’ असं लिहिलं असेल, तर तुम्ही टोकन विकत घेत नसून पावतीचा फोटो घेताय.

चौथी पायरी: गोपनीयता नक्की कुठल्या जातीची

हा भाग जरा हळू वाचा. विक्रेते सगळ्यांना एकाच नावाने हाक मारतात, पण घराणी वेगळी आहेत.

पहिलं घराणं: ज्याचं काम नाही त्याला माहिती पाठवायचीच नाही. 2016 मध्ये खुलं झालेलं कॉर्डा हे संस्थांसाठीचं ब्लॉकचेन सॉफ्टवेअर, तशाच हायपरलेजर फॅब्रिकमधले स्वतंत्र चॅनल, आणि अलीकडे मोठ्या संस्थांचं आवडतं कॅन्टन नेटवर्क. कॅन्टनवर एकाच व्यवहारातले पैसे आणि रोखे असे दोन भाग असले तर बँकेला पैशांचा भाग दिसतो, रोख्यांच्या नोंदवहीवाल्याला रोख्यांचा. अमेरिकेची डिपॉझिटरी डीटीसीसी हिने डिसेंबर 2025 मध्ये सरकारी रोख्यांच्या टोकनीकरणासाठी कॅन्टन निवडल्याचं जाहीर केलं. इथे गणिताची जादू कमी आणि वाटपाची शिस्त जास्त. मला हे घराणं रुक्ष म्हणूनच भरवशाचं वाटतं. पण तुमच्या वतीने नोड (जाळ्यातला संगणक) कोण चालवतं, ते विचारा: त्याला तुमचं सगळं दिसतं.

दुसरं घराणं झिरो-नॉलेज प्रूफचं. कल्पना 1985 ची, गोल्डवासर, मिकाली आणि रॅकॉफ यांची. माहिती न दाखवता ती खरी असल्याचं सिद्ध करायचं. मास्क केलेल्या आधारमध्ये आपण आठ आकडे झाकतो आणि चार दाखवतो. इथे एकही आकडा न दाखवता ‘माझं केवायसी झालंय, मी भारताचा रहिवासी आहे, आणि या खरेदीनंतरही माझा हिस्सा दहा टक्क्यांच्या आतच आहे’ हे पटवता येतं. ॲमस्टरडॅमचं डस्क हे ब्लॉकचेन जाळं 2018 पासून नेमकं नियमांखालच्या रोख्यांसाठी हे बांधतंय. त्यांचं मुख्य जाळं 7 जानेवारी 2025 ला सुरू झालं, आणि एनपेक्स हा परवानाधारक डच बाजार त्यांचा भागीदार आहे.

या घराण्याचा एक धोका विक्रेता सांगणार नाही. झाकलेल्या वहीत खोटी नोंदही झाकली जाते. मार्च 2018 मध्ये झीकॅश या गोपनीय क्रिप्टो नाण्याच्या गणितात अशी चूक सापडली की तिचा फायदा घेऊन कुणालाही न कळता खोटी नाणी पाडता आली असती. ऑक्टोबरमध्ये ती गुपचूप दुरुस्त झाली, आणि जगाला कळलं फेब्रुवारी 2019 मध्ये. तशी नाणी पाडली गेल्याचा पुरावा मिळाला नाही, ते वेगळं. म्हणून विचारायचं: ब्लॉकचेनवरची एकूण टोकनं आणि कंपनीच्या रजिस्टरातले एकूण रोखे किती दिवसांनी जुळवता, आणि त्यावर सही कुणाची?

तिसरं घराणं चिपच्या आतल्या बंद खोलीचं: प्रोसेसरच्या सुरक्षित कप्प्यात हिशेब करायचा. वेगवान आहे, पण 2022 मध्ये संशोधकांनी इंटेलच्या अशाच कप्प्यातून सीक्रेट नेटवर्क या गोपनीय ब्लॉकचेनची मुख्य किल्ली काढून दाखवली. तिने जुने व्यवहारही उघडता आले असते. वीस वर्षं टिकायच्या मालमत्तेसाठी मी एकट्या चिपवर विसंबणार नाही.

पाचवी पायरी: स्वतःच्या डोळ्यांनी पाहा

इथवर ऐकीव होतं. आता ब्राउझर उघडा.

इथरस्कॅन या इथेरियमचे व्यवहार दाखवणाऱ्या संकेतस्थळावर (अशांना एक्सप्लोरर म्हणतात) ब्लॅकरॉकने मार्च 2024 मध्ये इथेरियमवर आणलेल्या टोकन-फंडाचं पान शोधा आणि ‘होल्डर्स’वर टिचकी मारा. कुठल्या पत्त्यावर किती, कधी आलं, कधी गेलं, सगळं दिसेल. पैसे न भरता, लॉगिन न करता. जगातला सर्वांत मोठा फंड-व्यवस्थापक आणि ही अवस्था. नियम पाळणं आणि गोपनीय असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे यावरून कळावं. मग झीकॅशचा एखादा एक्सप्लोरर उघडून पूर्ण झाकलेला व्यवहार पाहा. वेळ दिसते, शुल्क दिसतं, नावगाव-रक्कम नाही.

आता तुम्हाला विकू पाहणाऱ्याला त्याच्या टोकनच्या एका प्रत्यक्ष व्यवहाराची लिंक मागा आणि वरच्या दोघांपैकी ती कुणासारखी दिसते ते बघा. ‘गोपनीय चेनवर आहे’ एवढं पुरत नाही. डस्कवरही दोन पद्धती आहेत: फिनिक्स झाकलेली, मूनलाइट उघडी. झीकॅशमध्येही उघडे आणि झाकलेले पत्ते शेजारी-शेजारी नांदतात, आणि झाकलेल्यातून उघड्यात पैसे काढले की रक्कम दिसते.

झाकलेलं असलं तरी गर्दी किती आहे ते मोजा. ठाणे स्टेशनवर संध्याकाळी सातला कुणी कुणाकडे बघत नाही. रात्री दीडला प्लॅटफॉर्मवर तिघंच असले तर कोण कुठल्या लोकलमध्ये चढलं हे लपत नाही. गोदामाच्या टोकनचे मालक साठच असतील आणि भाडं दर महिन्याच्या 5 तारखेला वाटलं जात असेल, तर रक्कम झाकूनही बराच अंदाज बांधता येतो.

सहावी पायरी: केवायसी कुठे ठेवलंय

इथे माझीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका प्रयोगात मी गुंतवणूकदारांचे पॅन ब्लॉकचेनवर न ठेवता त्यांचा हॅश (गणिताने काढलेला ठसा, ज्यावरून मूळ पॅन थेट उलट काढता येत नाही) ठेवला आणि फार शहाणपणा केला असं मानून जेवायला गेलो. परत आलो तर ऑडिटच्या मुलीने माझा स्वतःचा पॅन कागदावर लिहून कीबोर्डवर ठेवला होता.

गणित सोपं आहे. पॅनमध्ये दहा अक्षरं-अंक. व्यक्तीचा पॅन असेल तर चौथं अक्षर ‘पी’, पाचवं आडनावाचं पहिलं. आडनाव माहीत असलं की उरतात तीन अक्षरं, चार अंक आणि शेवटचं एक अक्षर: 26 चा घन, गुणिले 10,000, गुणिले 26. जेमतेम 457 कोटी शक्यता. गेम खेळायच्या ग्राफिक्स कार्डाला एवढे हॅश काढून जुळवणं म्हणजे काही सेकंदांचं काम. मोबाइल नंबरचंही तेच. प्रत्येक नोंदीत वेगळा लांबलचक यादृच्छिक आकडा मिसळायला हवा होता. त्याला सॉल्ट म्हणतात, आणि मी मीठच घालायला विसरलो होतो.

‘आम्ही फक्त हॅश ठेवतो’ असं उत्तर आलं, की ‘सॉल्टसह का, आणि सॉल्ट कुठे ठेवता?’ हे विचारा. आधार, पॅन, फोटो यांतलं काहीही, अगदी एन्क्रिप्ट करूनसुद्धा, ब्लॉकचेनवर नको. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहिती पुसून घेण्याचा हक्क आहे, आणि ब्लॉकचेनवरचं पुसता येत नाही.

सातवी पायरी: किल्ल्या कुणाकडे

तीन अधिकार तपासा: गोठवणं, जबरदस्तीने हलवणं, आणि झाकलेलं पाहणं. हे अधिकार असूच नयेत असं म्हणणारे भेटतील. मला ते पटत नाही. कोर्टाचा आदेश आला, टोकनधारक वारला, किल्ली हरवली, की हेच अधिकार कामी येतात. वाईट असतं ते एकाच माणसाच्या लॅपटॉपवर असणं. किमान तीनपैकी दोन सह्या लागाव्यात, आणि त्यातली एक विश्वस्ताची असावी. इथेरियमसारख्या चेनवर एक्सप्लोररच्या ‘रीड कॉन्ट्रॅक्ट’मध्ये मालकाचा पत्ता दिसतो, तो साधं वॉलेट आहे की अनेक सह्यांचं, हे तिथेच कळतं.

पाहण्याच्या किल्लीला व्ह्यूइंग की म्हणतात. ऑडिटरला दिलेली किल्ली सगळ्यांचे सगळे व्यवहार उघडते, की ठरावीक मुदतीतले, ठरावीक खात्याचे? ऑडिटर बदलला तर जुनी किल्ली निकामी होते का? बहुतेक ठिकाणी पुढचं थांबवता येतं, मागचं पाहिलेलं परत घेता येत नाही. वारसाचंही आत्ताच लिहून घ्या. नामनिर्देशनाचा फॉर्म नसेल तर बायको-मुलांना कोर्टाचे उंबरे झिजवावे लागतील.

आठवी पायरी: पैसे आणि कर

टोकन आणि पैसे एकाच क्षणी हात बदलतात का, की आधी पैसे भरा, मग टोकन येईल? रिझर्व्ह बँकेचा ई-रुपया घाऊक व्यवहारांसाठी 1 नोव्हेंबर 2022 पासून आणि किरकोळसाठी 1 डिसेंबर 2022 पासून चाचणीत आहे, पण खासगी गोदामवाले सहसा बँक खात्यातच घेतात. मग मधल्या काळात पैसे एस्क्रोमध्ये, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत तिऱ्हाइताच्या खात्यात, हवेत. डॉलरच्या स्टेबलकॉइनमध्ये (डॉलरच्या भावाला बांधलेल्या क्रिप्टो नाण्यात) मागितले तर थेट नाही म्हणा. शिवाय मार्च 2023 पासून क्रिप्टो सेवादार मनी लाँडरिंगविरोधी कायद्याखाली आलेत; एफआययूकडे (संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी विभागाकडे) नोंदणी आहे का ते विचारा.

टोकन प्राप्तिकराच्या भाषेत ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ (क्रिप्टो नाण्यांचा खण) ठरलं तर नफ्यावर सरसकट 30 टक्के, वर 4 टक्के उपकर. 1 लाखाला घेतलं, 1 लाख 20 हजारांना विकलं: नफा 20 हजार, कर 6,240. विकताना 1 टक्का म्हणजे 1,200 आधीच टीडीएस कापला जाईल, तो करात वळता होतो. पण दुसऱ्या टोकनमध्ये 20 हजार बुडाले असतील तरी ते वजा होत नाहीत. तेच टोकन शेअर किंवा डिबेंचर मानलं गेलं तर हिशेब वेगळा. विक्रेत्याच्या सीएचं मत लेखी मागा आणि तुमच्या सीएला दाखवा.

आणि बाहेर पडायचं कसं

मान्य यादीतल्यांनाच विकता येत असेल तर यादीत किती जण आहेत, आणि गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष किती विक्री झाली? वही झाकलेली असल्याने हे तुम्हाला बाहेरून दिसणार नाही. त्यांनीच दाखवायला हवं.

शेवटी मी त्या पीडीएफवरच्या ईमेलवर लिहिलं: ‘नमस्कार. गोदामाची मालक कंपनी कोण आणि सूची क्रमांक 2 मधला दस्त क्रमांक काय? ही विक्री कुठल्या नियमांखाली आहे? डिमॅटची नोंद आणि टोकन जुळलं नाही तर कोणतं ग्राह्य? एका व्यवहाराची लिंक द्यावी. गोठवण्याची आणि पाहण्याची किल्ली कुणाकुणाकडे आहे? मागच्या सहा महिन्यांतल्या पुनर्विक्रीचा आकडा कळवावा.’

चौथ्या दिवशी उत्तर आलं. तीच पीडीएफ होती, फक्त किमान रक्कम 25 हजारांवरून 15 हजार केली होती.